कॅमेऱ्यात कोपरापर्यंत हात

१२ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या बायकोचं, सुभद्राचं म्हणणं असं, की एकाहत्तराव्या वर्षी माणसानं गुडघ्याला लावायचं तेल घ्यावं, कॅमेरा नाही. म्हणू दे. तेल लावूनही गुडघे तेच राहतात, हे तिलाही माहीत आहे.

कारण लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात घरामागच्या तारेवर नीलकंठ येऊन बसला. मोबाईलनं फोटो काढला आणि अकोल्याला मास्तरला पाठवला. मास्तरचं उत्तर आलं, "माशी छान आली आहे."

मास्तर म्हणजे चिंतामण. धामणगाव रेल्वे या गावी तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मी तिथल्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा ग्रेडर होतो. मी सातवी पास. पुढचं वाचन झालं ते पुस्तकं त्याची आणि खटपट माझी, असं. कापूस मात्र कोणी शिकवला नाही, बोटांनीच शिकवला. आता तो अकोल्यात मुलीकडे राहतो, मी अमरावतीत मुलाकडे. बारा वर्षं झाली, रोज सकाळी सात वाजता तो एका पक्ष्याचा फोटो पाठवतो आणि मी कापसासारखा त्याला ग्रेड देतो. उत्तम असला तर "लांब धागा". बरा असला तर "मध्यम". आणि अगदीच वाया गेला असेल तर "फरदड", म्हणजे हंगाम संपल्यावर वाळक्या पऱ्हाटीवरून ओरबाडलेला कापूस. माझ्या ग्रेडशिवाय त्याला चहा जात नाही, असं तो म्हणतो.

अशा माणसानं माझ्या नीलकंठाला माशी म्हणावं! ठरलं. तीस हजारांच्या आत बसेल असा डीएसएलआर घ्यायचा.

आज राजकमल चौकातल्या एका दुकानात गेलो. टाय लावलेला माणूस पुढं आला. मी काय पाहिजे ते सांगितलं, तर त्यानं मी कंदील मागितल्यासारखं पाहिलं.

"काकाजी, ते आता कोणी घेत नाही. आता मिररलेस. त्यात आरसाच नसते."

"आरसा काढला तर भाव कमी झाला असंन मंग?"

"नाही ना, दुप्पट आहे."

वस्तूतला एक भाग काढून घ्यायचा आणि दुप्पट पैसे मागायचे! आमच्या जिनात कोणी असं बोललं असतं तर त्याला बैलबंडीसकट गावाला परत पाठवला असता. उठून आलो. पाणीसुद्धा प्यालो नाही त्याचं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस मोबाईलवर कॅमेऱ्याचे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांना दाढ्या. सगळे आधी आपली ओळख देतात, मग घंटी दाबायला सांगतात, मग एका खोक्याची पट्टी अशी सोलतात, जणू आत देवाची मूर्ती आहे. एक जण म्हणाला, "नवशिक्यांसाठी अगदी परवडणारा." परवडणाऱ्याची किंमत पंच्याऐंशी हजार. हे नेमकं कोणाला परवडतं ते एकदा भेटून विचारायचं आहे.

आमची सून सीमा नांदगाव पेठेत कापड कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. मी बोटांनी जे ओळखायचो ते तिथं यंत्र ओळखतं. ती म्हणाली, "मामाजी, मेगापिक्सेलच्या मागं लागू नका. जुना घ्या, चांगल्या माणसाकडून घ्या." पोरगी यंत्रात बसूनही शहाणी राहिली आहे.

सकाळी मास्तरचा खंड्या आला. सगळा हललेला. चोच कुठं आणि काडी कुठं, काही कळेना. ह्या महिन्यातला हा चौथा. माणसाला कौतुकाची सवय लागली की असा आळस येतो. मी एकच शब्द लिहिला. "फरदड."

१६ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या कॅमेऱ्याची जाहिरात पाहून कठोरा रस्त्याकडं गेलो. विकणारा गोड बोलणारा होता. "हौसेखातर घेतला होता, काकाजी. घरच्या घरी शंभर-दोनशे फोटो काढले असतील बस. अगदी नवा माल."

जिनात बंडी आली की वरचा कापूस पाहून भाव करत नाहीत. वरचा सगळ्यांचाच पांढरा असतो. बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळातला मूठभर काढायचा. पाणी मारलेलं असलं तर हाताला तिथंच गार लागतं.

मी कॅमेऱ्याकडं पाहिलंच नाही. त्याची बॅग ओढली, हात तळापर्यंत घातला आणि मूठ त्याच्या टेबलावर उघडली. पिवळ्या अक्षता! मुठीत दहा-पंधरा दाणे आणि एक सुपारी.

"घरच्या घरी लग्नं लावता काय बापू?"

तो माणूस अजून कपाळ पुसत असेल. घरी येऊन सुभद्राला सांगितलं तर तिला हसून हसून ठसका लागला. "सुपारी आनली काय मंग?" म्हणाली.

१७ नोव्हेंबर, रविवार

मास्तरला फोन करून अक्षतांची गोष्ट सांगितली. पलीकडून नुसतं "हं". आवाजही अगदी खाली गेलेला. म्हटलं, "मास्तर, शाळेत तर तुह्या आवाजानं फळ्यावरचा खडू पडे." तर म्हणतो, "आता ओरडायला वर्ग कुठं आहे?" आणि मग एकदम म्हणाला, "नत्थू, तू वणवण करू नको. माझाच घे."

"तुहा? अन् तू काय करशीन?"

"मला कंटाळा आला."

बारा वर्षं ज्यानं सकाळ चुकवली नाही, त्याला कंटाळा आला! दाल में काला आहे, एवढं नक्की. पण माल पाहिल्याशिवाय भाव बोलायचा नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अकोल्याला जाऊन आलो. मूर्तिजापूरपर्यंत बसायला जागा नव्हती.

मास्तरची लेक चारुता हिनं दार उघडलं. मास्तर खिडकीत बसलेला. अंगात स्वेटर आणि उजवा हात खिशात. अकोल्यात, नोव्हेंबरात, भर दुपारी स्वेटर! म्हटलं, "काहून, काश्मिरात बदली झाली काय?" हसला नाही. अक्षतांची गोष्ट पुन्हा समोर बसून हावभावांसकट सांगितली. चेहरा दगडाचा. म्हणाला, "छान." बस, एवढंच. निवृत्तीनंतर काही लोकांना मोठेपण चढतं, तसंच काही तरी असेल. मला आतून राग आला.

चारुतानं चहा आणला. माझा कप भरलेला, त्याचा ग्लास अर्धा. लेकीच्या घरी असंच. मी माझा संपवला, त्यानं त्याच्या ग्लासाला हात लावला नाही.

"निवून राहिला तुहा चहा."

"मला गारच आवडतो आता."

खोटं. ह्या माणसाची जीभ चाळीस वर्षं गरम चहानं पोळलेली मी पाहिली आहे.

कॅमेरा दाखवला. अंगावर एक ओरखडा नाही, काचा स्वच्छ, पट्टा धुतलेला. भाव विचारला तर म्हणाला, "दहा हजार दे. नाहीतर काहीच देऊ नको, घेऊन जा." तिथंच मी सावध झालो. इतका माल इतक्या स्वस्तात आपणहून कोणी देत नाही, मित्र असला तरी. मी म्हटलं, "आठ दिवस पाहतो, मंग सांगतो." तो म्हणाला, "पाहा. तू ग्रेडर आहेस."

निघताना चारुता फाटकापर्यंत आली. "काका, बाबांचं जरा..." एवढं म्हणाली, तेवढ्यात आतून त्यानं हाक मारली. मग म्हणाली, "सावकाश जा." काय सांगायचं होतं कोण जाणे. पैशाचं असेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅगेत हात घातला, अर्थातच तळापर्यंत. अक्षता नाहीत. एक कागद निघाला. कोणतं बटण कशाचं, ते मास्तरनं माझ्यासाठी लिहून ठेवलेलं. पण अक्षर! हा माणूस शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरात सुविचार लिहायचा. गाव थांबून वाचायचं. आणि आता ओळीच्या सुरुवातीला ज्वारीएवढं, शेवटाला राजगिऱ्याएवढं. चष्मा लावून भिंग धरलं तेव्हा कुठं वाचता आलं. कागदाची एवढी कंजुषी!

सीमानं कॉम्प्युटरला जोडून पाहिलं. म्हणाली, "मामाजी, अठ्ठावीस हजार वेळा बटण दाबलं आहे. अशा कॅमेऱ्याला हे काहीच नाही."

म्हणजे दुखणं दुसरीकडं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! मास्तर मेमरी कार्ड काढायला विसरला होता. सीमानं त्यातले फोटो मोठ्या पडद्यावर लावले.

ऑगस्टपासूनचे फोटो. पक्षी थोडे. बाकी एकच एक, खिडकीतला पितळी पेला. रोज सकाळी साडेसहाचे. रोज पाच-सहा. तोच पेला, तीच खिडकी, आणि सगळे हललेले. पेल्याचा काठ पुसून गेलेला. माणूस कॅमेरा तपासून तपासून थकला, कॅमेरा काही सुधारला नाही, असा सरळ अर्थ आहे. पंधरा नोव्हेंबरला तर त्यानं एका सकाळी एकसष्ट वेळा पेला काढला आहे. एकसष्ट! आणि दोन दिवसांनी मला म्हणतो, माझाच घे.

सुभद्रा मागं उभी राहून पाहत होती. म्हणाली, "चौदा तारखेले तुमी त्याले काय लिवलं होतं?"

"त्याचं इथं काय?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मला इतका राग आला होता की थांबता आलं नाही. मास्तरला लिहिलं, "माल ओला निघाला. वरून पांढरा, पोटात पाणी. बाहेरच्यानं केलं असतं तर हसलो असतो. ओळखीच्या माणसाला तरी सांगायचं होतं."

त्यानं वाचलं. दोन निळ्या खुणा आल्या. चोराला काय उत्तर असणार?

२७ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस सकाळी सात वाजता काही आलं नाही. कॅमेरा माझ्याकडं असला तरी जुने हजार फोटो आहेत त्याच्याजवळ. रविवारपर्यंत त्यातले पाठवत होताच.

न आले तर न आले. माझा चहा कोणाच्या फोटोवाचून अडत नाही. साखर मात्र कमी पडते आहे, सुभद्राला सांगितलं पाहिजे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

इर्विन चौकामागं शेखर नावाचा कॅमेरा दुरुस्त करणारा आहे. त्याच्याकडून बिघाड लिहून घ्यायचा आणि मास्तरच्या तोंडावर ठेवायचा, असं ठरवून गेलो.

त्यानं कॅमेरा टेबलावर ठेवला, हात काढून घेतला आणि समोरच्या कॅलेंडरचा फोटो आपोआप निघू दिला. एकेक तिथी वाचता येत होती. मग हातात धरून काढला. स्वच्छ. मग माझ्या हातात दिला. तोही स्वच्छ.

"काकाजी, काही नाही झालं याले. कोनं सांगतलं बिघडला म्हणून?"

मी त्याला पेल्याचे फोटो दाखवले. त्यानं दोन-चार पाहिले, मग पाहायचा वेग कमी केला.

"हे ज्यानं काढले त्याचा हात कापते काकाजी. कॅमेरा बिघडला असता तर रोज सारखंच आलं असतं. हे पाहा, ऑगस्टमधी कमी, आता जास्त. माह्या आजाचं असंच होतं. पेन धरे तं अक्षर बारीक बारीक होत जाये." मग म्हणाला, "रोज काढून पाहे वाटते, आज तरी जमते काय म्हणून. कोन आहेत?"

"आहेत एक ओळखीचे," मी म्हटलं.

पैसे विचारले तर घेईना. काहीच केलं नाही म्हणाला.

बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. चहा पुढं आला. तो निवेपर्यंत मी नुसता त्याच्याकडं पाहत होतो. अर्धा ग्लास. खिशातला हात. न हललेला चेहरा. चाळीस वर्षं लोकांच्या बंड्यांत कोपरापर्यंत हात घातला, आणि त्या दुपारी चार हातांवर बसून मी स्वेटर पाहून आलो.

आज एवढंच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चारुताला फोन केला. "दोन वर्षं झाली काका. कंपवात आहे. गोळ्या चालू आहेत, पण हात ऐकत नाही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."

"काहून पण? मी काय परका आहो?"

"ते म्हणाले, नत्थूला कळलं की तो खरा ग्रेड देणार नाही."

मी फोन ठेवला. सुभद्रा लसूण सोलत होती. तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "मले गेल्या दिवाळीलेच समजलं होतं. अनारसा तोंडापर्यंत नेता नेता दोनदा पडला त्याच्या हातातून. तुमी तवा रांगोळीले नावं ठेवून राहिले होते."

"मंग सांगाचं होतं ना!"

"सांगून तुमाले पटते कधी? तुमाले तं हात घालून पाहा लागते."

१ डिसेंबर, रविवार

काल शेखरकडून तिपाई घेतली आणि एक लांब वायर, जिच्या टोकाला बटण असतं. हात कितीही हलू दे, वायर लोंबकळते, कॅमेरा ढिम्म. तीस हजारांच्या बेतातले तेवढेच खर्चले. दोन्ही बांधून अकोल्याला गेलो.

वाटेत सगळं ठरवलं होतं. त्याला कळू द्यायचं नाही. दोष कॅमेऱ्यावर आणि माझ्यावर ढकलायचा.

"मास्तर, कॅमेरा बरा आहे तुहा," मी जोरात सुरुवात केली. "पण लय वजनाचा. हातात धरून होतच नाही. आता वय झालं, माहा हात कापते. म्हणून ही तिपाई आणली. तू मले शिकव फक्त." आणि खरं वाटावं म्हणून हात पुढं करून थरथरवून दाखवला.

तो त्या हाताकडं पाहत राहिला. तोच दगडी चेहरा. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नत्थू, जरा हळू हलव. इतका कोणाचाच नाही हलत."

आणि त्यानं खिशातला हात बाहेर काढला. मांडीवर ठेवला. तो तिथं आपला आपण हलत राहिला, बोटांत माळ फिरवल्यासारखा. मी माझा हात खाली घेतला.

माफीची दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. पहिलंच आठवेना. "ते ओल्या मालाचं लिहिलं होतं..." एवढं कसंबसं म्हटलं.

"बरोबर लिहिलंस. माल ओलाच होता. फक्त तू चुकीच्या बंडीत हात घातलास." मग म्हणाला, "ते पेले पाहिलेस सगळे?"

"पाहिले."

"कसे आहेत?"

चारुता दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "फरदड आहेत, मास्तर. एक बी धड नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात मात्र तो हसत होता. चेहरा हलत नसला तरी तिथं हलतं, हे मला त्या दिवशी दिसायला पाहिजे होतं.

दुपार कलल्यावर चारुतानं आम्हाला कापशीच्या तलावावर सोडलं. कॅमेरा मी वाहिला, तिपाई मी उघडली आणि माझं बोट चिमटलं. ह्या तिपाया ज्यानं बनवल्या त्याला दोनच बोटं असावीत. मास्तर खुर्चीत बसून हुकूम सोडत होता. "डावीकडं. अजून. खाली. नत्थू, ते खाली नाही, ते वर झालं." शाळेतला आवाज नव्हता, पण शिव्या त्याच होत्या. मग वायर हातात घेऊन तो थांबला. हात हलत होता, वायर हलत होती. कॅमेरा हलला नाही.

कॅमेरा मी घेत नाही, असं सांगितलं. "मग तू काय करशील?" तो म्हणाला. म्हटलं, "दर रविवारी हमाली. मजुरी गरम चहा. तुह्यासाठी बी पूर्ण ग्लास, मी धरतो."

"मी लहान आहे काय?"

"मंग सांडून पी."

घरी आल्यावर सुभद्रा म्हणाली, "एवढे दिवस हिंडून कोनता कॅमेरा घेतला शेवटी?" मी म्हटलं, "सगळ्यात परवडणारा. अकोल्याले ठेवला आहे."

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी सातला मोबाईल वाजला.

खंड्या. डोळ्यातला ठिपका दिसतो, छातीवरचं पीस पीस वेगळं मोजता येतं. पण शेपटी चौकटीबाहेर गेली आहे आणि पाणी अकोल्याहून थेट अमरावतीकडं उताराला लागलं आहे. तिपाई मी वाकडी लावली होती.

छान म्हणावंसं फार वाटलं. मग जे होतं ते लिहिलं. "धागा लांब. शेपटी कापली. कचरा तीन टक्के."

पडद्यावर वर दिसू लागलं, की मास्तर लिहितो आहे. थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं. माझा चहा निवला. सुभद्रानं तो उचलला, गरम आणून ठेवला. घड्याळात साडेसात झाले.

मग उत्तर आलं. "दोन टक्के. तिपाई हमालाची."